झाकण, पळी आणि काळी कढई

सणासुदीच्या आधी मंगल कार्यालयांत जी प्रदर्शनं भरतात, त्यांत हल्ली पारंपरिक भांड्यांचा एक गाळा हमखास असतो. पितळेची पातेली, काशाची ताटं, मातीच्या कढया, तांब्याच्या बाटल्या आणि मागे एक फलक: मातीच्या भांड्यात अन्नातली 100 टक्के पोषणमूल्यं टिकतात, काशात 97, पितळेत 93 आणि प्रेशर कुकरमध्ये अवघी 13. व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच आकडे फिरत असतात. ते कुणी, कुठे, कुठला पदार्थ शिजवून काढले याचा पत्ता नसतो. आणि तो लागणारही नाही, कारण पोषणमूल्यं म्हणजे काही एकगठ्ठा वस्तू नव्हे. डाळीतली प्रथिनं, लोह, कॅल्शियम कुकरमध्ये जळून जात नाहीत. क जीवनसत्त्व मात्र कुठल्याही भांड्यात, अगदी मातीच्याही, तापवलं की कमी होतं. फॉलेट आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं शिजवण्याच्या पाण्यात उतरतात आणि ते पाणी मोरीत ओतलं की त्याच्याबरोबर जातात. या सगळ्यांची सरासरी काढून ती एकेका धातूच्या नावावर लावायची, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या उंचीची सरासरी काढून एकाच मापाचे कपडे शिवण्यातला प्रकार झाला.

मला स्वयंपाकघरातली अवजारं मनापासून आवडतात, जुनीही आणि नवीही. पण भांड्यांची भक्ती करू नये, त्यांच्याशी व्यवहार करावा. हे भांडं अन्नात काय सोडतं, अन्नातलं काय जाऊ देतं, किती तापतं, आणि वापरणाऱ्याच्या हाताला कुठली सवय लावतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ धूळ खाली बसते.

पितळेपासूनच सुरू करू, कारण त्याची एक गोष्ट पुण्यात घडलेली आहे आणि पितळ विकणाऱ्या गाळ्यावर ती कुणी सांगत नाही. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलांना यकृताचा एक आजार व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. हा आजार प्रामुख्याने भारतातच दिसे, म्हणून वैद्यकात त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ पडलं. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण भलतंच वाढलेलं आढळत होतं. ते येतं कुठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. मुलांना काय पाजलं, कधीपासून पाजलं आणि ते कशात तापवलं, हे त्यांनी आयांना खोदून विचारलं. उत्तर स्वयंपाकघरात निघालं. आजारी मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात उकळलं किंवा ठेवलं जात होतं. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. दुधासाठी ही भांडी वापरू नका, एवढा साधा सल्ला पसरत गेला, स्टीलची पातेली घरोघर आली आणि 1990च्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

यात विज्ञान असं आहे की दुधात मुळात तांबं फारच कमी असतं. पण दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्यातलं तांबं पकडून ठेवतं आणि बाळाच्या पोटात नेऊन सोडतं. जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकण्याची ताकद तान्ह्या बाळाच्या यकृतात पुरती आलेली नसते. पितळेतलं दूध प्यालेलं प्रत्येक मूल काही आजारी पडलं नाही, त्यामुळे आनुवंशिकतेचाही वाटा असावा असं मानतात. मात्र हा केवळ भारताचा प्रश्न नव्हता. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात अशाच आजाराने 138 बालकं दगावली होती. तिथे गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवण्याची रीत होती. ती भांडी गेली आणि आजारही गेला.

म्हणजे पितळ टाकून द्यायचं का? नाही. पण त्याच्याबरोबर कल्हईवाला यायला हवा, आणि तोच आता दुर्मीळ झालाय. जुन्या घरांतून एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी किंवा लोणचं ठेवायचं नाही, ते कळकतं, हिरवट होतं आणि खाल्लं तर मळमळतं. कल्हई करताना कधी जवळून पाहिलं असेल तर त्यातली कारागिरी लक्षात येते. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यावर पातेलं तापतं, त्यात नवसागराची पूड पडते, पांढरा झणझणीत धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी तापल्या पृष्ठभागावर टेकवली की ती वितळते, आणि कापसाचा बोळा एका फेऱ्यात आतली बाजू चांदीसारखी करून टाकतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये आणि त्यात मोठ्या आचेवर काही भाजू नये. कल्हई झिजून आतलं पिवळं दिसू लागलं की ते भांडं पुन्हा कल्हई होईपर्यंत स्वयंपाकातून बाद. कथलात शिसं मिसळलेलं नाही याची खात्री देणारा कल्हईवाला मिळत नसेल, तर ते भांडं दिवाणखान्यात छान दिसतं. तांब्याच्या कळशीत किंवा बाटलीत रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्याची गोष्ट वेगळी. तांबं जंतूंना मारतं हे खरं आहे. त्याच बाटलीत लिंबूपाणी भरणं मात्र शुद्ध वेडेपणा.

आता लोखंड. इथे भांड्यातून अन्नात काही उतरतं तेच आपल्याला हवं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह मिळावं अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस आहे, आणि पोळी-भात-भाजीच्या जेवणातून ते गाठणं अवघड जातं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या संशोधकांनी वीस पदार्थ बिडाच्या भांड्यात शिजवून पाहिले. जे ओलसर, आंबट आणि जास्त वेळ शिजणारे, त्यांत सर्वांत जास्त लोह उतरलं. सफरचंदाच्या गरात 100 ग्रॅममागे 0.35 मिलिग्रॅम होतं ते सातच्या वर गेलं. प्रयोगशाळेतलं हे गणित माणसाच्या रक्तात उतरतं का, याचंही उत्तर आहे. इथिओपियात लहान मुलांच्या दोन गटांपैकी एकाच्या घरी लोखंडी भांडी दिली, दुसऱ्याच्या घरी अ‍ॅल्युमिनियमची. वर्षभराने लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी 1.7 ग्रॅमने वाढलं होतं, दुसऱ्या गटाचं 0.4 ग्रॅमने. 1999 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कढई हे अ‍ॅनिमियाचं औषध नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यामुळे बंद करायच्या नाहीत. पण रोज न आठवता, न गिळता मिळणारी ती एक पुरवणी आहे. थॅलेसेमियासारख्या आजारात ज्यांच्या अंगात आधीच लोह साठत असतं, त्यांनी मात्र या कढईपासून लांबच राहावं.

लोखंडी कढईशी संसार करायचा तर तिचे स्वभाव ओळखावे लागतात. टोमॅटो घातलेली भाजी, चिंचगुळाची अळूची पातळ भाजी, आमसूल घातलेलं काही, हे तिच्यात शिजवावं आणि गॅस बंद केल्या केल्या दुसऱ्या भांड्यात काढावं. दुपारपर्यंत तसंच ठेवलंत तर रंग शाईसारखा होतो आणि जिभेवर खिळा चाखल्याची चव येते. वांगी काळी पडतात, कारण त्यांतलं टॅनिन लोहाशी जुळतं. ते विष नसतं, पण पाहुण्यांसमोर वाढवतही नाही. घासताना काथ्याने हलक्या हाताने, साबण नावापुरता, आणि लगेच गॅसवर ठेवून कोरडी करून तेलाचं बोट. हे तेलाचं बोट फार मोलाचं. तेलाचा पातळ थर तापत तापत धातूला चिकटून बसतो, त्याचं कडक गुळगुळीत कवच होतं. वर्षानुवर्षं वापरलेला बिडाचा तवा घावन सोडतो तो या कवचामुळे, तेल जास्त ओतल्यामुळे नव्हे. नव्या तव्यावर पहिले आठ-पंधरा दिवस घावनांचे तुकडे होणारच. तोवर त्याच्यावर कांदा परतत राहावं. आणि भाकरीचा लोखंडी तवा तर सगळ्यांत शहाणा. थापलेली भाकरी त्याच्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, एक थेंब तेल नाही, आणि उलटून निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगवायची. इतक्या कोरड्या आणि इतक्या खमंग पाककृती जगात फार नसाव्यात.

नॉनस्टिकबद्दल लोक दोन टोकांना असतात. एकाला ते विष वाटतं, दुसऱ्याच्या घरी एकमेव तवा तोच असतो. या लेपाचा शोध 1938 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट यांना अपघाताने लागला. लेप स्वतः निष्क्रिय असतो, त्याचा एखादा कण पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो. भीती आहे ती तापमानाची. साधारण 260 अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांत तिथे पोचतो. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात हे माहीत असलेलं सत्य आहे. दुसरी तक्रार पीएफओए या रसायनाची. ते लेप तयार करताना वापरत असत, 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगकारक म्हणून नोंदवलं आणि मोठ्या अमेरिकी उत्पादकांनी त्याआधीच त्याचा वापर थांबवला होता. तेव्हा घरात एक नॉनस्टिक तवा असू द्यावा, मंद-मध्यम आचेवर, लाकडी उलथन्यानिशी, आणि ओरखडे पडले की निर्दयपणे काढून टाकावा. फोडणी, तडका, भाजणं हे त्याचं काम नव्हे.

आता ज्याला 13 टक्के गुण मिळाले त्या कुकरकडे वळू, कारण माझ्या मते भारतीय स्वयंपाकघरावर सर्वांत जास्त उपकार त्याचे आहेत. फ्रेंच संशोधक दनी पापँ यांनी 1679 मध्ये वाफ कोंडणारं भांडं बनवलं आणि 1682 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं. हाडं चीजसारखी मऊ झाली होती, असं त्या पंगतीला असलेल्या जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये कोळशाच्या शेगडीवर डब्यांची चळत वाफवणारा ‘इकमिक कुकर’ काढला. त्यात दाब नव्हता, पण सकाळी लावून कामाला जावं आणि परत आल्यावर गरम जेवावं ही सोय होती. आज आपण वापरतो त्या कुकरांची देशी कारखानदारी 1959 च्या सुमारास उभी राहिली.

उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, कितीही गॅस मोठा करा. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे, तिथे तर ते 95-96 अंशांनाच उकळतं आणि डाळ हटून बसते. कुकरच्या शिट्टीचं वजन आतल्या वाफेवर जवळजवळ एका वातावरणाइतका जादा दाब ठेवतं, त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत. जीवनसत्त्वांच्या बाजूने पाहिलं तर उष्णता जास्त आहे पण वेळ थोडा, पाणी थोडं, हवा जवळजवळ नाही, आणि ते पाणी वरणातच राहतं. सगळा हिशेब धरला तर कुकर उघड्या पातेल्यापेक्षा वाईट ठरत नाही, उलट बरेचदा सरस ठरतो. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय मात्र खरोखर नुकसान करते. सोड्याच्या क्षारतेत ब-1 जीवनसत्त्व टिकत नाही. डाळ हट्ट करत असेल तर कारणं बहुधा दोन: डाळ जुनी किंवा पाणी जड. ती आधी भिजवावी, आणि चिंच-आमसूल शिजल्यावरच घालावं, कारण आंबट पडलं की दाणा मऊ व्हायचं थांबतं.

राजम्याच्या बाबतीत तर कुकर ही नुसती सोय नाही, सुरक्षितता आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन असतं. पाच-सहा अर्धकच्चे दाणेदेखील उलट्या-जुलाब घडवू शकतात. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, पण मंद आचेवर चालणाऱ्या विजेच्या स्लो कुकरमध्ये तापमान 80 अंशांच्या आसपास राहिलं तर ते नष्ट तर होत नाहीच, त्रास वाढूही शकतो. परदेशी राहणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं, तिकडे ते भांडं घरोघर असतं. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि कुकरमध्ये शिजवा.

एक मात्र आपल्याकडे सरसकट चुकतं. आपण शिट्ट्या मोजतो. ‘तुरीला चार, हरभऱ्याला सात.’ शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याची वर्दी. गॅस मोठा असेल तर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते, बारीक असेल तर चौथी येईपर्यंत तिचा गाळ होतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि पुढे घड्याळ पाहावं. गॅस वाचतो, पाणी खाली आटत नाही आणि शेजारच्यांनाही आपलं वरण झाल्याचं कळत नाही. रिंग सैल झाली, वाफ कडेने फुसफुसू लागली की दाब चढतच नाही, तेव्हा वर्षाला एक नवी रिंग घेण्यात काटकसर करू नये.

वाफ कोंडायची नसेल तर ती नुसती वापरावी. मोदकपात्र हे महाराष्ट्रातलं सर्वांत अपमानित भांडं आहे. गणेश चतुर्थीला माळ्यावरून उतरतं आणि विसर्जनानंतर परत चढतं. खरं तर त्यात रताळी, मक्याची कणसं, दुधी, फ्लॉवर, कोथिंबीर वडी, अळूवडी सगळं होतं. भाजी पाण्यात बुडत नाही म्हणून पाण्यात विरघळणारं पाण्यात जात नाही. मोदकपात्र नसेल तर पातेल्यावर भोकांची चाळण आणि तिच्यावर हळदीचं नाहीतर केळीचं पान. अळूवडीचा उंडा वाफवून झाला, कापला, की तळायच्या आधी थांबून एक तुकडा खाऊन पाहा. लिंबू आणि तीळ घालून तसाच तो चांगला लागतो. कुरकुरीतच हव्या असतील तर तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजू भाजा. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी, त्यातही त्या बऱ्या होतात. पण सर्वांत स्वस्त यंत्र या यादीत अजून आलेलंच नाही.

ते म्हणजे झाकण, आणि झाकणावरचं पाणी. कोबीची, गवारीची, भेंडी सोडून कुठलीही परतून करायची भाजी घ्या. कढईत फोडणी, भाजी, मीठ, आणि वर खोलगट ताटली, तिच्यात अर्धी वाटी पाणी. बऱ्याच घरांत हे अजूनही करतात, बऱ्याच घरांत काचेची झाकणं आली आणि ते गेलं. भाजीतून निघालेली वाफ ताटलीच्या खालच्या बाजूला पोचते. वर पाणी असल्याने ती बाजू थंड असते, वाफेचं पाणी होतं आणि थेंबाथेंबाने भाजीवर परत पडतं. भाजी आपल्याच रसात शिजते. तळाला लागत नाही, म्हणून सुटण्यासाठी तेल जास्त लागत नाही. आणि मध्येच पाणी घालावं लागलंच तर ताटलीतलं गरम पाणी हाताशी असतं, थंड पाण्याने भाजी दचकत नाही. काचेचं झाकण आत बघायला बरं, पण ते लवकर तापतं आणि बाजूच्या भोकातून वाफ सोडून देतं. मी काचेचं झाकण भातालाही वापरत नाही.

चिरण्याबद्दल फार बोलायचं नाही. विळी असो की सुरी, तिला धार हवी, कारण बोथट पात्याने पालेभाजी चिरत नाही, चेंगरते, आणि चेंगरलेल्या पेशींतून रस आणि क जीवनसत्त्व दोन्ही जातं. आधी धुवावं, मग चिरावं. लसणाला मात्र चेंगरणंच हवं. लसणात अ‍ॅलिन आणि त्याच्यावर काम करणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की ते भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो वास आणि तेच त्यातलं गुणकारी द्रव्य. तापवलं की विकर मरतं. म्हणून खलबत्त्यात लसूण आधी ठेचून दहाएक मिनिटं बाजूला ठेवावा, तोवर कांदा चिरून होतो, मग फोडणीत टाकावा. अख्खी पाकळी सरळ गरम तेलात गेली तर चव येते, बाकी फारसं काही घडत नाही. पाटा-वरवंटा असेल आणि त्याला टाकी लावून देणारा कुणी भेटत असेल तर तुम्ही भाग्यवान. नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावर आधी तांदूळ वाटून ते टाकून द्यावेत, बारीक कच जाते.

पिठाची चाळणी हे अवजार नकळत दगा देतं. गव्हाच्या आट्यात 100 ग्रॅमला साधारण 11 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आत. पोळी मऊ आणि पांढरी व्हावी म्हणून कणीक मैद्याच्या चाळणीने चाळली की आपण गिरणीतून विकत आणलेला कोंडा स्वतःच्या हाताने काढून टाकतो. चाळणी मोठ्या भोकांची ठेवावी, खडा-काडी अडकण्यापुरती.

राहिलं तेल, आणि इथे भांड्याच्या धातूपेक्षा आकाराचं महत्त्व जास्त. फोडणीची छोटी लोखंडी पळी घ्या, खोलगट, लांब दांड्याची. दोन चहाचे चमचे तेल तिच्यात एवढं खोल उभं राहतं की मोहरी त्यात बुडते, तडतडते, हिंग फुलतो, कढीपत्ता चुरचुरतो, आणि ती उकळत्या वरणावर उपडी केली की सगळा वास वरणात कोंडला जातो. तेच दोन चमचे मोठ्या कढईत ओतले तर ते पापुद्र्यासारखे पसरतात, मोहरी कोरडी राहते, करपते, आणि हात आपोआप तेलाच्या बरणीकडे जातो. मसाल्यांचा स्वाद तेलात उतरतो हे खरं, पण त्यासाठी तेल खोल हवं, पुष्कळ नको.

कॅनमधून थेट कढईत धार धरण्यासारखी घातक सवय नाही. चहाचा एक चमचा तेल म्हणजे पाच मिलिलिटर, साडेचार ग्रॅम, सुमारे 40 कॅलरी. धार किती चमच्यांची हे डोळ्याला कधीच कळत नाही. मिसळणाच्या डब्यात जसा छोटा चमचा असतो आणि तिखट-हळद त्यानेच पडतं, तसा तेलाच्या बरणीत एक ठरलेला चमचा किंवा छोटी पळी असावी. मिठाच्या बरणीतही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात पापड-लोणचं आलं. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नये. हॉटेलांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून अशा बिघडलेल्या तेलाची मर्यादा ठरवून दिली आहे, ती यंत्राने मोजता येते. घरी ते यंत्र नसतं, तेव्हा काळसर, दाट, फेसाळ तेल म्हणजे काम संपलं असं समजावं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार-आराखड्यात 2,000 कॅलरींच्या जेवणाला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घराला 108 ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. तूप वेगळं खात असाल तर तेल त्याहून कमी. पाच लिटरचा कॅन चौघांना सहा आठवडे पुरायला हवा. पुरतो की नाही हे कळायला वजनकाटा लागत नाही, कॅन फोडाल त्या दिवशी त्याच्यावर मार्करने तारीख लिहा. दिवाळीच्या फराळाचा महिना सोडून बाकीच्या महिन्यांचं पाहा. वडापाव, फरसाण आणि ऑफिसमधला समोसा यांतलं तेल या साडेतीन लिटरमध्ये धरलेलं नाही.